नवा गोठा : दावणीचा की मोकळा?

घर बांधायचे झाले की माणूस दहा जणांना विचारतो, गवंड्याशी दोन महिने घासाघीस करतो. गोठ्याच्या वेळी मात्र घराचे उरलेले दगड, जुन्या छपराचे वासे आणि मिळतील ते पत्रे घेऊन चार दिवसांत काम उरकले जाते. ज्यांच्या हाती कर्ज आलेले असते ते दुसऱ्या टोकाला जातात. कुठेतरी पन्नास गाईंचा गोठा पाहून येतात आणि आपल्या तीन जनावरांसाठी स्लॅबचा बंगला उठवतात. दोन्ही प्रकारांत आधी जनावराचे आणि मागाहून घराचे नुकसान होते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी ह्या बाजूच्या आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत मुलांची फी आणि आठवड्याचा किराणा दुधाच्या पैशावर चालतो. म्हणून गवंडी बोलावण्यापूर्वी थोडा विचार व्हावा यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न विटांचा नाही, की पत्र्यांचाही नाही. पाऊस किती पडतो, जमीन कसली आहे आणि पाच वर्षांनी दावणीला किती जनावरे असतील, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. आपला जिल्हा एक असला तरी हवामान एक नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे आणि जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात चार महिने अंगण वाळत नाही. अथणीकडे पावसाची वाट पाहत वर्ष सरते आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याला हात लावता येत नाही. या दोन ठिकाणी एकच गोठा चालेल असे सांगणारा माणूस गोठा विकणारा असतो, सांभाळणारा नसतो.

दोन पद्धती

पहिली आपल्या ओळखीची, दावणीची. जनावर दिवसरात्र आपल्या जागी बांधलेले, पुढे गव्हाण, मागे मोरी. दुसरी मोकळी, जिला मुक्तसंचार गोठा म्हणतात. ह्यात थोडी जागा छपराखाली आणि बाकीचे कुंपण घातलेले अंगण असते. जनावर हवे तेव्हा खाते, पाणी पिते, उन्हात बसते, सावलीत जाते. दूध काढायच्या वेळेपुरतेच ते बांधायचे.

दावणीच्या गोठ्याला एका गाईमागे उभे राहण्याची जागा साधारण साडेपाच फूट लांब आणि साडेतीन ते चार फूट रुंद लागते. गव्हाण दोन फूट, मागची मोरी एक फूट, पुढून वैरण टाकायला तीन फूट वाट आणि मागून शेण काढायला साडेतीन फूट. म्हणजे एका रांगेचा गोठा १५ फूट रुंद झाला. चार जनावरांना १६ फूट लांबी पुरते. त्याच्या टोकाला आणखी ८ फूट घेतले तर विणाऱ्या गाईसाठी किंवा आजारी जनावरासाठी वेगळी खोली होते. ही खोली चैनीची वाटते, पण २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा आजारी गाय कुठे वेगळी बांधावी हाच प्रश्न घराघरांत पडला होता. ती खोली असावीच.

दहा-बारा जनावरांपर्यंत एकच रांग बरी. त्यापुढे दोन रांगा घ्याव्यात. तोंडाला तोंड करून बांधले तर वैरण टाकणे सोपे जाते. शेपटीकडची बाजू मध्ये घेतली तर शेण काढणे आणि दूध काढणे सोपे होते, आणि जनावरांचे श्वास एकमेकांच्या तोंडावर जात नाहीत. वैरण दिवसातून दोन-तीन वेळा टाकायची असते, शेण मात्र सारखे काढायचे असते. म्हणून लहान शेतकऱ्याने दुसरी पद्धत निवडावी असे मला वाटते.

मोकळ्या गोठ्यात एका गाईला सुमारे ४० चौरस फूट छप्पर आणि ७५ ते ८० चौरस फूट अंगण लागते. म्हशीला दोन्ही थोडे जास्त. चार गाईंना छप्पर १६० चौरस फूट पुरले. वर सांगितलेल्या दावणीच्या गोठ्याला ती वेगळी खोली सोडूनही २४० चौरस फूट लागत होते. शिवाय इथे भिंती नाहीत, मोरी थोडकीच, फरशी गव्हाणीपुरती. खर्च पुष्कळ कमी येतो. फायदा एवढाच नाही. गाय फिरती राहिली की खुरे झिजतात, वाढत नाहीत. माज ओळखायला सोपा जातो. बांधलेल्या गाईचा माज रात्री येऊन जातो आणि सकाळी कोणाला पत्ता लागत नाही, मग एकवीस दिवस वाट पाहावी लागते. पाणी सारखे समोर असल्याने ती पुरेसे पिते. दुधाच्या गाईला पाण्याइतकी स्वस्त पेंड दुसरी नाही. अंगणात चार गावठी कोंबड्या सोडल्या तर गोचिडे आणि शेणातल्या अळ्या त्या टिपून खातात.

मग सगळ्यांनी मोकळाच गोठा का करू नये? कारण पाऊस. कणकुंबीच्या पावसात मातीचे मोकळे अंगण आठ दिवसांत चिखलाचे डबके होते. त्यात जनावर दोन महिने उभे राहिले तर चिखल्या होतात, खुरे कुजतात, आणि घाणीत बसलेल्या गाईची कास सुजते. एक सड गेला तर तो परत येत नाही. म्हणून खानापूरच्या पश्चिम भागात दावणीचा, पण चहूबाजूंनी हवा खेळणारा गोठा बांधावा. त्याला लागून दगडाची फरसबंदी केलेले लहान अंगण ठेवावे, म्हणजे उघडीप मिळेल तेव्हा जनावरे दोन-चार तास सोडता येतील. चिकोडी, अथणी आणि बेळगावच्या पूर्वेकडच्या गावांत मात्र मोकळा गोठाच करावा. अंगणात मुरूम घालून तो घरापासून उलट बाजूला उतरता ठेवला आणि मध्ये एखादे झाड राखले की झाले. मारकी म्हैस किंवा शिंगाळी गाय असेल तर तिला वेगळे आवार लागते. वासरांची शिंगे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डॉक्टरांकडून जाळून घेतली की पुढचा त्रास वाचतो. बैल दावणीलाच बरे.

छप्पर

गोठ्याच्या खर्चातला मोठा भाग छपराचा आणि चुकाही तिथेच जास्त. संकरित गाय, विशेषतः होल्स्टीन, थंड मुलखातली. हवा पंचविशीच्या वर गेली की तिला गरम होऊ लागते, ती धापा टाकते, वैरण कमी खाते, आणि दूध उतरते. त्यावर खुराक वाढवून काही होत नाही. छप्पर पाहावे लागते.

मंगलोरी कौलासारखे छप्पर आपल्या हवेला दुसरे नाही. कौल उन्हात पत्र्यासारखे तापत नाही आणि फटींतून गरम हवा वर निघून जाते. जुनी घरे पाडली जातात तिथे चांगली कौले अजूनही मिळतात. पण कौलाला उतार पुरेसा हवा, सुमारे ३० अंशांचा. सुताराच्या भाषेत सांगायचे तर १५ फूट रुंदीच्या गोठ्याला वळचणीपासून आढे सव्वाचार फूट वर गेले पाहिजे. वळचण ८ फुटांवर ठेवली तर आढे १२ फुटांच्या वर जाते आणि तेवढी उंची हवेसाठीही योग्य आहे. उतार वाचवून लाकूड वाचवले की पहिल्याच आषाढात गळती लागते. आणि माकडे! रानाजवळच्या गावांत कौले फोडणाऱ्या माकडांपुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. तिथे पत्र्याशिवाय इलाज नाही हे मान्य करावे लागते.

पत्रा घालायचा तर तो उंच घालावा. वळचण ९ फुटांवर ठेवावी आणि आढ्याशी दोन्ही पाखांच्या मध्ये हाताएवढी फट ठेवून तिच्यावर टोपी बसवावी. उन्हाळ्यात पत्र्यावर वरून चुन्याचा हात द्यावा, किंवा उसाचे पाचट, भाताचे पिंजर दोरीने बांधून पसरावे. खालच्या हवेत फरक पडतो. पाचट टाकले असेल तर चुलीची ठिणगी आणि विजेची उघडी तार जवळ नको. कोणी जुने ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे स्वस्तात देत असेल तर मोह आवरावा. ते फुटताना, कापताना आणि भोके पाडताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात बसते आणि वर्षांनी दुखणे उभे करते.

स्लॅब नको. चार जनावरांच्या गोठ्याला स्लॅब म्हणजे दिवसभर ऊन साठवून रात्रभर गाईच्या पाठीवर सोडणे. त्यावर उद्या खोली चढवता येईल हा विचार असेल तर पुढे आरोग्याबद्दल लिहिले आहे ते आधी वाचावे.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. दुपारचे ऊन आत कमी येते, आणि आपल्याकडचा पावसाचा झोत पश्चिमेकडून येत असल्याने तो गोठ्याच्या आखूड बाजूवर पडतो. तेवढी एकच बाजू भिंतीने बंद केली की पुरते. पावसाळी भागात वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढावी.

भिंती आणि जोते

जुन्या पद्धतीच्या घरात गोठा दाराच्या आतच असे. अंधारा, उबदार, एका झरोक्याचा. त्याला कारण होते. रानात वाघ-बिबट्या होता, चोरांची भीती होती, आणि घरात चार गावठी गाई होत्या. २०११ साली अभयारण्य झालेल्या भीमगडच्या आसपास बिबट्याची भीती आजही खोटी नाही. पण भीती भिंतीनेच जाते असे नाही. साडेतीन फूट कठडा आणि त्यावर मजबूत लोखंडी जाळी लावली तर बिबट्या आत येत नाही आणि वारा अडत नाही. थंडीत किंवा वळवाच्या पावसात जाळीवर गोणपाट सोडावे. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरत असतील तर तो मुताचा वायू आहे. आपल्याला पाच मिनिटे सोसत नाही, वासरू त्यात रात्रभर श्वास घेते.

दगड जवळचाच वापरावा. खानापूरकडे जांभा आहे, तिकडे चिकोडीकडे काळा दगड. खोल काळी जमीन असेल तर लांबलचक भिंत टाळावी. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि भिंतीला भेग पाडते. तिथे खोल खड्डे घेऊन खांब उभे करावेत, आणि जोत्याखालची काळी माती काढून मुरूम भरून ठोकावा. जोते आसपासच्या जमिनीपेक्षा निदान फूट-दीड फूट उंच हवे.

जमीन आणि मोरी

घरातली शहाबादी फरशी गोठ्यात घालणाऱ्यांनी एकदा ओल्या फरशीवर अनवाणी पळून पाहावे. गाभण म्हैस घसरून पडली तर काय होते हे सांगायला नको. काँक्रीट घालावे, पण ते ओले असतानाच त्यावर खराट्याने किंवा बांबूने रेघा ओढाव्यात. दगडाची खडबडीत फरसबंदी किंवा उभ्या विटांची जमीनही चालते. गव्हाणीकडून मोरीकडे ४० फुटांना एक फूट असा उतार हवा. साडेपाच फुटांच्या उभ्या जागेला तो सुमारे दीड इंच येतो. त्याहून जास्त उतार दिला तर गाभण जनावराला त्रास होतो. मोरी एक फूट रुंद आणि दोन-तीन इंचच खोल असावी, तिचा तळ गोल असावा. खोल आणि कोनाची मोरी झाडता येत नाही, आणि जनावराचा पाय तिच्यात अडकतो.

गव्हाणीची जनावराकडची भिंत २० इंच उंच, आतली खोली १६ इंच आणि तळ गोल ठेवावा. गाय मान खाली घालून चरणारा प्राणी आहे, उंच गव्हाणीत तिला मान ताणून खावे लागते. गव्हाणीचे कोपरे गोल नसले तर पेंड तिथे आंबते. आपल्या प्रभूचे पहिले अंथरूण गव्हाण होते हे आपण नाताळात दरवर्षी मांडून दाखवतो. आपल्या गोठ्यातली गव्हाण मात्र पुष्कळदा महिनामहिना घासलेली नसते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोठ्याचा आराखडा पुरुष करतात आणि शेण बहुतेक बायका काढतात. मोरी कुठे संपते, उकिरडा किती लांब, मध्ये पायऱ्या किती, पाणी कुठून आणायचे हे घरच्या बाईला विचारल्याशिवाय फित लावू नये. रोज तीस-चाळीस किलो शेण डोक्यावर घेऊन तीन पायऱ्या चढणे आणि ते ढकलगाडीतून सरळ नेणे ह्यांत तिच्या कंबरेच्या दहा वर्षांचा फरक आहे. गोबरगॅस करायचा असेल तर त्याची जागा गोठ्याआधी ठरवावी, म्हणजे मोरीच्या उतारानेच काम होते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरांचे. जमिनीखालचे ‘दीनबंधू’ पद्धतीचे संयंत्र १९८४ साली ॲफप्रो (AFPRO) ह्या संस्थेने तयार केले. त्याला लोखंडी टाकी लागत नाही म्हणून ते पावसाळी भागात गंजत नाही.

माणसांचे आरोग्य

गोठा घराला चिकटून नको. विहिरीपासून तो आणि उकिरडा निदान ५० फूट दूर, आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. गोठ्यावर झोपायची खोली तर नकोच. माशा आणि गोचिडे जिना मोजत नाहीत.

उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, ज्याला डॉक्टर लेप्टोस्पायरोसिस म्हणतात, तो पायाच्या भेगांतून आणि जखमांतून शिरतो. ओल्या गोठ्यात अनवाणी काम करणाऱ्याला त्याचा धोका असतो. म्हणून रबरी बूट हवेत, आणि खुराकाची पोती भिंतीपासून सोडून फळीवर, झाकणाच्या पिंपात ठेवावीत. गाय वेळेआधी गाभडली तर जार उघड्या हाताने उचलू नये. ब्रुसेला नावाचा रोग असेल तर तो त्यातून आणि न तापवलेल्या दुधातून माणसाला होतो. महिनोन्महिने ताप येतो आणि सांधे धरतात. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस देता येते. दूध उकळूनच प्यावे.

रानाजवळच्या गावांसाठी आणखी एक. जंगलातला पालापाचोळा आणून गोठ्यात अंथरण्याची आपली जुनी रीत आहे. त्या पाचोळ्याबरोबर गोचिडे येतात, आणि माकडताप त्यांच्यामार्फतच पसरतो. हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि २०१५ साली आपल्या शेजारी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पोहोचला. माकडे मरून पडल्याची बातमी असेल त्या वर्षी रानातला पाचोळा बंद करावा, पिंजर वापरावे आणि जनावरांच्या अंगावरची गोचिडे हाताने चिरडू नयेत.

पैशाचे गणित

समजा घरात तीन गाई आहेत. एक नेहमी भाकड किंवा गाभण धरावी. दोघी मिळून १६ लिटर देतात. खुराक, वैरण, औषध जाऊन लिटरमागे ९ रुपये उरतात असे धरले, तर महिन्याला ४,३२० रुपये झाले. गोठ्याचा हप्ता जर सहा हजार असेल तर तो कुठून फेडणार? मग एक गाय विकावी लागते, आणि पक्क्या गोठ्यात दोनच उरतात. असे गोठे आपल्या भागात दिसतात. आत लाकडे आणि मोटारसायकल ठेवलेली असते. लूकच्या शुभवर्तमानातला तो धनवान जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघाला होता, पण त्याच्याकडे निदान धान्य तरी होते.

खर्च करायचाच तर जोते, जमीन, मोरी आणि पाणी ह्यांवर करावा. ही कामे मागाहून नीट करता येत नाहीत. छप्पर, जाळी, रंग पुढच्या वर्षी होऊ शकतात. एक बाजू मोकळी ठेवून बांधले तर जनावरे वाढतील तसा गोठा लांबवता येतो. सरकारी साहाय्य मिळण्यासारखे आहे का हे ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, आणि ते काम सुरू करण्यापूर्वी विचारावे. पाया खणल्यावर आलेल्या अर्जाकडे सहसा कोणी पाहत नाही.

काम नाताळ आटोपल्यावर काढावे आणि १५ मेला, शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर ह्यांच्या सणापर्यंत, छप्पर पुरे झालेले असावे. त्याच दिवशी फादरांकडून आशीर्वाद घेता येईल. काँक्रीटला निदान दहा दिवस पाणी मारावे आणि तीन आठवडे जनावर बांधू नये. नवे सिमेंट खुरांना खाते, म्हणून आधी दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवावे आणि पहिले काही दिवस पिंजर अंथरावे. आणि गव्हाणीच्या कडेला उभे राहून एक बादली पाणी ओतावे. ते कुठेही न तुंबता मोरीतून बाहेर गेले पाहिजे. ही बादली गवंड्याचा शेवटचा हिशेब देण्यापूर्वी ओतावी.